बंदोबस्त, बडगा आणि तारेवरचा कोतवाल

गेल्या गणपतीत आमच्या उरणच्या घरात एकाच सकाळी 'बंदोबस्त' हा शब्द मी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. आई म्हणाली, "पंधरा माणसांच्या जेवणाचा बंदोबस्त झालाय, कोणी काळजी करू नका." काकी माळ्यावरची खुडबुड ऐकून म्हणाली, "या उंदरांचा आज बंदोबस्त करतेच." आणि पोलिसात असलेला चुलतभाऊ आरती अर्ध्यावर असतानाच टोपी उचलून निघाला, "चला, मोरा बंदरावर बंदोबस्त आहे."

एक सोय, एक सफाया आणि एक पहारा. तिन्हीला एकच शब्द पुरला आणि घरात कोणालाही अर्थ विचारावा लागला नाही. तेव्हापासून मी या कडक शब्दांच्या मागे लागलो. नाकाबंदी, जमावबंदी, तडीपार, धाड, छापा, बडगा, मुसक्या. सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर यांतले दोन-तीन भेटतातच. उरणसारख्या बंदर, नौदल, तेलप्रकल्प आणि कंटेनर यांनी वेढलेल्या तालुक्यात तर ते रस्त्यावरही भेटतात. प्रत्येक शब्दाच्या पोटात काही ना काही निघालं. त्यातलं जे सापडलं ते इथे मांडतो.

आधी बांध, मग बंदोबस्त

बंदोबस्त हा फारसी जोडशब्द. बंद म्हणजे बांधणं, बस्त म्हणजे बांधलेलं. दोन्ही भाग एकाच धातूचे, म्हणजे 'बांधून घट्ट बांधलं' असा दुहेरी गाठीचा शब्द. आपला 'बांध' हाही त्या फारसी 'बंद'चा लांबचा भाऊ, कारण संस्कृत आणि फारसी या मुळात एकाच घराण्यातल्या.

उरणकराला हा शब्द समजावून सांगायला शब्दकोश लागत नाही. आमच्याकडे खारबंदिस्ती आहे. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलमातीचा बांध घालतात आणि त्या बांधात जागोजागी उघाडी ठेवतात. ही उघाडी जवळून बघण्यासारखी असते. बांधाच्या पोटातल्या वाटेला समुद्राच्या बाजूने एक झडप टांगलेली असते. भरती आली की समुद्राचं पाणीच तिला बाहेरून दाबून घट्ट मिटवतं. ओहोटी लागली आणि आत पावसाचं पाणी साचलेलं असलं की आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. उघडायला माणूस लागत नाही, मिटायलाही लागत नाही. लहानपणी आजोबांबरोबर बांधावर गेलो की मी तिथेच बसून राहायचो. बांध कितीही उंच घातला आणि उघाडी बुजली, तर पहिल्या मोठ्या पावसात भात आतल्याच पाण्याने कुजतं. म्हणून आमच्याकडचा जाणता माणूस बांधाची उंची नंतर विचारतो, उघाडी साफ आहे का ते आधी विचारतो.

हाच शब्द इंग्रजांनी उचलला. १८८६ साली छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'बंदोबस्त'ची नोंद आहे. साहेबाच्या तोंडी तो महसुलाच्या निमित्ताने बसला. जमिनीचा सारा ठरवून देणं म्हणजे बंदोबस्त. १७९३ चा बंगालमधला कायमधारा हिंदी आणि उर्दूत आजही इस्तमरारी बंदोबस्त म्हणूनच ओळखला जातो. आणि इंग्लंडमधल्या लीड्स शहरात २०१४ पासून 'बंडोबस्ट' नावाचं एक भारतीय शाकाहारी उपाहारगृह चालतं. माझ्या आईचा जेवणाचा बंदोबस्त इतक्या लांब पोचलाय हे तिला सांगितलं तेव्हा ती जाम खूश झाली.

कडेकोट म्हणजे नेमकं किती?

बंदोबस्त नुसता क्वचितच येतो, त्याच्यापुढे बहुतेक वेळा 'कडेकोट' लागतो. त्यात आपल्याला कडाही ऐकू येतो आणि कोटही. ज्यांनी उरणजवळचा द्रोणागिरीचा डोंगर पाहिलाय त्यांना हा शब्द डोळ्यांनी दिसेल. करंजाच्या डोक्यावरचा हा गड पोर्तुगीज काळात राबता होता. खाली खाडी, वर तटाचे अवशेष. करंजा बेटाची किंमत तेव्हाच्या सत्तांना नेमकी ठाऊक होती. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटं इंग्रजांकडे राहतील असं नावानिशी लिहिलेलं आहे.

अलीकडेच एक किल्ल्याचा शब्द पुन्हा लोकांच्या तोंडी बसला. २०२५ साली नाशिक पोलिसांनी गुंडांना पकडून त्यांच्याच तोंडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं वदवून घेतलं आणि ते वाक्य घराघरांत पोचलं. बाला म्हणजे वरचा. गडाच्या आत सगळ्यात उंचावर जो शेवटचा गड, तो बालेकिल्ला. आणि कायदा हा शब्द अरबी. मुळात त्याचा अर्थ पाया, बैठक. पायावर इमारत उभी राहते तसा नियमावर व्यवहार उभा राहतो, म्हणून नियमाला कायदा. पाया आणि गडाचं टोक असे दोन्ही टोकांचे शब्द त्या एका घोषणेत शेजारी बसलेत.

उरी आणि उरण

कडेकोट बंदोबस्त काय असतो हे आमच्या तालुक्याने २२ सप्टेंबर २०१६ ला पाहिलं. त्या गुरुवारी शाळेतल्या मुलांनी काळ्या कपड्यांतली, तोंड झाकलेली, हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं. चारच दिवस आधी, १८ सप्टेंबरला, काश्मीरमध्ये उरीच्या तळावर हल्ला झाला होता. नावंसुद्धा इतकी जवळची की बाहेरगावचे नातेवाईक फोनवर उरी आणि उरण यांत गोंधळत होते. नौदल, राष्ट्रीय सुरक्षा दल, दहशतवादविरोधी पथक, सगळे आले. शाळा बंद राहिल्या, डोंगर, खाडी, जेट्ट्या पिंजून काढल्या. हाती काही लागलं नाही. पण ज्या किनाऱ्यासमोर २००८ साली दहा जण समुद्रमार्गे मुंबईत उतरले होते, त्या किनाऱ्याने मुलांचं बोलणं मनावर घेतलं हे मला आजही बरोबरच वाटतं.

बाहेरच्यांना न ठाऊक असलेली एक गोष्ट याच निमित्ताने सांगतो. उरण तालुका रायगड जिल्ह्यात, सातबारा आणि महसुलाची कामं अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली. पण उरण, न्हावाशेवा आणि मोरा सागरी ही पोलीस ठाणी मात्र नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात. जमिनीचा बंदोबस्त अलिबागचा, माणसांचा बंदोबस्त नवी मुंबईचा.

नाका, फाटा आणि पहारा

उरणमध्ये पत्ता सांगताना फाटा लागतोच. चारफाटा, करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाटा. जिथून रस्ता फाटतो तो फाटा. आणि जिथे अनेक वाटा एका अरुंद जागी येऊन अडकतात तो नाका. तिथून जाणाऱ्याला अडवणं सोपं, म्हणून तिथेच जकात घ्यायची, तिथेच झडती घ्यायची आणि वेळ आली तर तिथेच नाकाबंदी करायची. म्हणजे फाट्यावर वाट मोकळी होते आणि नाक्यावर आवळते.

जकात हा शब्द तर फार मोठा प्रवास करून आलाय. अरबीत जकात म्हणजे दानधर्म, मिळकतीतून गरिबासाठी काढून ठेवायचा वाटा. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा कर झाला. मुंबईचे जकात नाके १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला त्या दिवशी, बंद झाले. जकात गेली तरी रिक्षावाल्याला आपण अजून 'जकात नाक्यावर सोड' असंच सांगतो.

पहारा हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. तो प्रहरापासून आला. प्रहर म्हणजे तीन तास. एका माणसाने एक प्रहर जागायचं, मग दुसऱ्याने. घड्याळातला वेळच राखणदाराचं काम बनला. इंग्रजीतही मनगटावरच्या घड्याळाला आणि पहाऱ्याला एकच शब्द आहे, तो का ते यावरून कळतं. गस्त मात्र फारसी, तिचा अर्थ फिरणं. पहारेकरी एका जागी वेळ मोजतो, गस्तवाला पावलं.

एक शब्द, दोन नशा

'कायद्याची अंमलबजावणी' हे शब्द आपण इतके वापरतो की त्यातल्या 'अंमल'कडे लक्ष जात नाही. अंमल म्हणजे सत्ता, कारभार. 'पेशव्यांचा अंमल' म्हणतो तो. आणि अंमल म्हणजे कैफ, धुंदी, त्यावरून 'अंमली पदार्थ'. मूळ अरबी शब्द कृतीचा आहे. मराठीत तो गादीवर बसला की सत्ता होते आणि डोक्यात चढला की नशा.

हे दोन्ही अंमल न्हावाशेव्याला समोरासमोर येतात. इथलं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. ऑगस्ट २०२० मध्ये याच बंदरात १९१ किलो हेरॉइन पकडलं गेलं. आयुर्वेदिक औषधाचा माल अशी कागदोपत्री नोंद, आणि आत बांबूसारखे रंगवलेले पोकळ पाइप. रक्तचंदनाचे ओंडकेही इथे पुनःपुन्हा सापडले आहेत. हजारो कंटेनर बाहेरून एकसारखे दिसतात. त्यातला नेमका एक उघडायचा म्हणजे गवताच्या गंजीतली सुई, आणि ती शोधणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

बंदर येण्याच्या कितीतरी आधी उरणची ओळख उलट होती. एकोणिसाव्या शतकात मोरा आणि उरण हे मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचं मोठं केंद्र होतं. मुंबईकर जी देशी दारू पीत, तिचा मोठा भाग इथून पडावांतून खाडी ओलांडून जाई. त्या भट्ट्यांवर सरकारी पहारा असे, कारण दारूवर कर होता. त्या खात्याचं नाव आबकारी. आब म्हणजे पाणी, कार म्हणजे काम. दारू गाळण्याला 'पाण्याचं काम' म्हणणारा हा शब्द १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यात जाऊन बसला. पुढे १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरी ठेवण्यावर निर्बंध. कातकरी-ठाकरांच्या घरात मोह हे खाणंही होतं. त्यांना हा कायदा कसा वाटला असेल याचा विचार केला की मला चिरनेर आठवतं. त्याकडे येतोच.

दांडका

'कारवाईचा बडगा उगारला' हे वाक्य मराठी पत्रकारितेत रोज कुठे ना कुठे छापलं जातं. बडगा म्हणजे जाडजूड सोटा. गंमत अशी की बातमीतला बडगा नेहमी उगारलेलाच असतो, तो खाली आल्याचं कुणी लिहीत नाही. खाली आला की त्याला लाठीमार म्हणतात. नागपूरला मात्र बडग्याच जाळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. त्यांच्याबरोबर बडग्या नावाचे पुतळे असतात. वर्षभर लोकांना जे छळतं, मग ती महागाई असो की एखादा जुलमी निर्णय, त्याचा बडग्या करतात आणि शहराबाहेर नेऊन जाळतात.

याहून जुना दांडका म्हणजे दंड. हा शब्द किती कामं करतो बघा. दंड म्हणजे काठी. दंड म्हणजे शिक्षा आणि पावतीवरचे पाचशे रुपये. दंड म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात, तालमीत थोपटतात तो, आणि तालमीत काढतात तेही दंडच. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतो, म्हणजे त्याच्या हाती काठी. पण मापाची पट्टी तीही दंडच, म्हणून मापदंड आणि मानदंड. आपल्या जुन्या लोकांनी मारायची काठी आणि मोजायची काठी एकाच नावाने ठेवली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

'मुसक्या आवळल्या' या मथळ्यात बऱ्याच जणांना बैलाच्या तोंडाचं मुसकं दिसतं, मळणीत त्याने धान्य खाऊ नये म्हणून बांधतात ते जाळीचं. पण आरोपीच्या मुसक्या तोंडाला नसतात. हिंदीत 'मुश्कें कसना' म्हणतात. मुश्क म्हणजे दंड, म्हणजे पुन्हा तोच वरचा हात. दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधले की मुसक्या आवळल्या. ज्या दंडांना थोपटून माणूस आव्हान देतो, तेच दंड बांधले की आव्हान संपतं.

धाड कुणाची?

उरणात आजी अजून विचारते, "काय धाड भरलीय तुला?" ही धाड दरोडेखोरांची. टोळीने गावावर तुटून पडणं म्हणजे धाड. आज ती पोलीस घालतात, प्राप्तिकरवाले घालतात, जुगाराच्या अड्ड्यावर पडते. शब्द तोच, घोड्यावरचा माणूस बदलला.

छाप्याचंही तसंच. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शायिस्तेखानावर घातला तो छापा. तेव्हा छापा घालणारा सत्तेच्या विरुद्ध होता, आता छापा सत्तेच्या बाजूने पडतो. वर्दीने तर दोन घरं सांभाळलीत. पोलिसाच्या अंगावरची वर्दी, आणि 'पोलीस पाटलाला वर्दी दिली' म्हणतो ती खबर. झाडाझडती हा मुळात हिशेबाच्या वह्यांमधला शब्द, झाडा म्हणजे तपशीलवार हिशेब. विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांच्या कादंबरीला हे नाव दिलं, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि जमीन गेलेल्या माणसाकडून सरकार हिशेब मागतं की तो सरकारकडून, हा प्रश्न त्या नावात कायमचा राहिला. आमच्या तालुक्यात तो नुसता पुस्तकातला प्रश्न नाही.

ईडीला मराठी वर्तमानपत्रं 'सक्तवसुली संचालनालय' म्हणतात. हिंदीत त्याचं नाव 'प्रवर्तन निदेशालय', ऐकून काहीच बोध होत नाही. सक्त आणि वसुली हे दोन फारसी-अरबी शब्द जोडून मराठीने मात्र दारावरची थाप ऐकू येईल असं नाव केलं.

चॅप्टर, १४४ आणि तडीपार

पोलीस ठाण्याच्या आसपास 'चॅप्टर केस' हा शब्द हमखास कानावर पडतो. याच्यावर चॅप्टर झाली, त्याच्यावर चॅप्टर टाकली. हा चॅप्टर म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं आठवं प्रकरण. शांतता भंग करण्याचा संभव असलेल्या माणसाकडून चांगल्या वर्तनाचं बंधपत्र घ्यायची तरतूद त्यात होती. गावात बेरकी माणसाला 'तो एक नंबरचा चॅप्टर आहे' म्हणतात, तेही यातूनच आलं असावं असं मला वाटतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्या तरतुदी आठव्यातून नवव्या प्रकरणात गेल्या. प्रकरणाचा आकडा बदलला, चॅप्टर तसाच राहिला.

'१४४ लागली' याचंही तेच. पाच किंवा जास्त माणसांनी जमायला मनाई, हा जमावबंदीचा हुकूम जुन्या संहितेच्या कलम १४४ खाली निघे. आता ते कलम १६३ आहे. पण १६३ अजून कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही. जमावबंदीत माणूस एकटा फिरू शकतो, संचारबंदीत तोही नाही. तिचं इंग्रजी नाव कर्फ्यू. ते जुन्या फ्रेंचमधून आलं, अर्थ 'विस्तव झाका'. रात्री घंटा वाजली की चुली विझवायच्या, आग लागू नये म्हणून.

तडीपारात आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना घरचा शब्द सापडतो. तड म्हणजे काठ, तीर. काठापलीकडे घालवला तो तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५, ५६ आणि ५७ खाली हा हुकूम निघतो आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. पण तोच काठ कामाला लागला की किती चांगला होतो बघा, 'काम तडीस नेलं'. खाडी पार करणाऱ्या होडीला काठ गाठणं हेच यश. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलं की दोन्ही अर्थ एकदम कळतात.

खाडी ओलांडायला आता दुसरा मार्गही झाला. १२ जानेवारी २०२४ ला २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली. सेतूवर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. दुचाकी आणि रिक्षांना बंदी. पहिल्याच दिवसांत लोक गाड्या थांबवून कठड्याजवळ फोटो काढायला लागले आणि चलानं फाटली. हे चलान आणि बँकेत भरायचं चलन एकाच घरातलं. दोन्हीत कागद माणसाच्या हातून पुढे चालता होतो, चालतं ते चलन. खिशातल्या नोटेलाही आपण चलन म्हणतो, आणि दंडाच्या पावतीने तीच नोट चालती होते.

कोतवाल

पाणजे, फुंडे, भेंडखळ या बाजूला पाणथळ जागा आहेत. थंडीत तिथे पक्षी बघायला मी जातो. लोक रोहित शोधत लांब बघतात, मी आधी विजेच्या तारेकडे बघतो. तिथे कोतवाल बसलेला असतो. काळाभोर, चमकदार, शेपटी टोकाला दुभंगून दोन्हीकडे वळलेली. अंगाने बुलबुलाएवढाच. एकदा घार खाली उतरत होती. ती झाडाच्या शेंड्याच्या जवळ आली आणि हा तारेवरून सुटला. घारीच्या वर गेला, तिच्या पाठीवर झेपावला, पुन्हा वर, पुन्हा झेप. घार इतकी मोठी, पण तिने एकदाही उलटून मारलं नाही. वाट बदलून ती खाडीकडे निघून गेली. कोतवाल परत आला आणि तारेवर त्याच जागी बसला. ज्या झाडावर त्याचं घरटं असतं तिथे होले, हळद्या असे गरीब पक्षी आपली घरटी बांधतात, कारण कावळा-घारीची तिथे हिंमत होत नाही. ज्याने या पक्ष्याला कोतवाल नाव दिलं त्याने तो तासन्‌तास पाहिला असणार.

कोतवाल म्हणजे कोट्टपाल, कोटाचा रक्षक. कडेकोटातला कोट इथेही आहे. पण माणसांतल्या सगळ्यांत प्रसिद्ध कोतवालाचं नाव मराठी माणूस वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवतो. घाशीराम १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला पकडायचं, असा त्याचा शिरस्ता. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याच्या कोठडीत कोंडलेली माणसं गुदमरून मेली आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. विजय तेंडुलकरांचं नाटक १९७२ मध्ये रंगमंचावर आलं आणि घाशीराम हे नाव कायमचं एका वृत्तीचं नाव झालं. घाशीरामानंतरच्या काळात कोतवाल पुण्याच्या गादीवरून उतरून गावच्या चावडीवर आला. आमच्या लहानपणीचा कोतवाल दवंडी द्यायचा, तलाठ्याची नोटीस घरोघरी पोचवायचा आणि आईकडे पाणी मागायचा. शहराला धाक, गावाला दवंडी आणि झाडाला राखण, इतकी लांबची वाट या एका हुद्द्याने चाललीय.

जी बंदी पाळावीशी वाटते

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. यांत्रिक होड्यांना दर्यात मासेमारीला बंदी. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा तिच्यामागे आहे, दंड आहे, परवाना जाण्याची भीती आहे. पण करंजा आणि मोऱ्याला जाऊन बघा, ही बंदी कुणी बडग्याने शिकवलेली वाटत नाही. मासळी अंडी घालते, तिला सोडायचं, हे कोळ्यांच्या घरात कायद्याच्या आधीपासून ठाऊक. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही हा रिवाज त्याचाच भाग. त्या दोन महिन्यांत धक्क्यावर जाळी पसरून बसलेली माणसं दिसतात, सुई हातात, फाटलेला डोळा शोधत. बाजारात सुकट, सोडे, सुके बोंबील. शेजारच्या म्हातारीला मी विचारलं, बंदीत लपून कोणी गेला तर? ती म्हणाली, "पोलीस काय करतील ते करतील. दर्या बघतो ना." तिने एवढं म्हणून बोंबील उलटे केले.

कोळ्यांच्या मनात राग मात्र आहे. परराज्यातल्या मोठ्या बोटी आणि एलईडी दिव्यांनी होणारी मासेमारी यांच्यावर तोच कायदा तितक्याच जोराने चालत नाही, असं धक्क्यावर प्रत्येक जण सांगतो. स्वतः पाळतो त्या माणसाला दुसऱ्याची सुटका जास्त झोंबते.

फैर

शेवटचा शब्द लहान आहे. फैर. इंग्रजी 'फायर'ला मराठी वळण मिळून झालेला. 'पोलिसांनी फैरी झाडल्या' हे वाक्य उरण तालुक्याने दोनदा सोसलंय.

२५ सप्टेंबर १९३०. देशभर कायदेभंग चालू होता. मिठाचा कायदा दांडीला मोडला गेला, आमच्याकडे जंगलाचा मोडायचा ठरला. चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कातकरी, कोळी कोयते-कुऱ्हाडी घेऊन चढले. १९२७ च्या वन कायद्याने ज्या रानातलं लाकूड त्यांना परकं केलं होतं, तेच रान. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी ही त्यांतली तीन नावं. सरकारी बाजूने आलेले मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही त्या दिवशी बळी गेला.

दुसऱ्यांदा १६ आणि १७ जानेवारी १९८४. सिडको आणि बंदरासाठी जाणाऱ्या जमिनींचा योग्य मोबदला मागत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोटे-न्हावाशेवा बाजूला गोळीबार झाला. पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. उरणात 'साडेबारा टक्के' हा नुसता आकडा नाही. लग्नाच्या बोलणीत, भावांच्या वाटणीत, चहाच्या टपरीवर तो एखाद्या माणसाच्या नावासारखा घेतला जातो.

चिरनेरला दरवर्षी २५ सप्टेंबरला स्मृतिदिन होतो. लहान असताना आजोबांचा हात धरून मी पहिल्यांदा गेलो. गावातून माणसं चालत येतात, स्तंभाला फुलं वाहिली जातात. मग खाकी वर्दीतले पोलीस ओळीने उभे राहतात, हुकूम होतो, बंदुका खांद्याला लागतात. आजोबांनी माझे कान दोन्ही हातांनी झाकले. पोलिसांनी नळ्या आभाळाकडे केल्या आणि हुतात्म्यांच्या मानवंदनेची पहिली फैर झाडली.